पोटाखालचं बोट

मी एक जुनी चकती आहे, आणि मी चिडलेली आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की एवढीशी प्लास्टिकची वस्तू आणि तिचा केवढा तो तोरा. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा गरीब असतात. फुटकी छत्री उसासे टाकते, जुना कंदील डोळे पुसतो. मला ते जमत नाही. मी फेकली जाते. फेकलं जाणं हेच माझं काम, त्याचं मला काही दुःख नाही. पण जिच्या हातातून मी सुटते तिच्या बोटांवर तिसऱ्यानंच हुकूम चालवला, याचा राग माझ्या कडाकडांत भरून राहिला आहे.

आधी ओळख करून देते, कारण लोक मला काहीही समजतात. मी जेवायची ताटली नाही, डब्याचं झाकण नाही, कुत्र्यानं तोंडात धरून पळायचं खेळणं तर मुळीच नाही. माझा एक खेळ आहे. मोकळ्या मैदानात, झाडाझुडपांत जागोजागी लोखंडी खांब रोवलेले असतात. खांबावर जाळीची टोपली, टोपलीवर लोंबत्या साखळ्या. लांबून चकती फेकत फेकत टोपलीपाशी यायचं आणि शेवटी ती साखळ्यांवर आदळून टोपलीत पडली पाहिजे. ज्याला सगळ्यांत कमी फेकी लागल्या तो जिंकला. लांब जाणाऱ्या चकत्या निराळ्या असतात. पातळ कडेच्या, नाकानं कांदे सोलणाऱ्या. मी त्यांतली नाही. माझी कड जाड, पोट खोल. लांबची फेक मारून झाली की टोपली थोड्याशा अंतरावर उरते, मधे एखादं झाड नाहीतर भिंत आडवी येते. तिथून अलगद जाऊन टोपलीच्या पायाशी बसायचं, हे माझं काम. मी जोराची नाही, बेताची आहे.

माझा जन्म साच्यात झाला. प्लास्टिकचे दाणे वितळले, साच्याच्या दोन जाड लोखंडी ठोकळ्यांच्या मधे दाबले गेले आणि मी गाजरासारख्या रंगाची होऊन बाहेर पडले. गार झाल्यावर एका कामगार बाईनं माझ्या कडेला चिकटलेलं जास्तीचं प्लास्टिक पात्यानं तासून काढलं. मग तिनं माझ्या कडेवरून एकदा अंगठा फिरवला आणि शेजारच्या बाईला म्हणाली की ही बरी निघाली. त्या दिवसात तिनं ‘बरी’ असं किती जणींना म्हटलं असेल कोण जाणे. मी मात्र ते अजून उराशी धरून आहे.

खेळाच्या दुकानात मी पोहायचे चष्मे आणि सायकलचे पंप यांच्या मधे बरेच दिवस काढले. मला विकत घेतलं ते एका लिफ्टवाल्यानं. लिफ्टवाला म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. उंच उंच इमारतींच्या डोक्यावर यंत्राच्या खोल्या असतात, तिथं त्याचं दिवसभराचं काम. त्याला आपण धाकटा म्हणू, कारण ज्या घरासाठी त्यानं मला घेतलं तिथं त्याला हेच नाव होतं. त्यानं मला घेतलं आपल्या थोरल्या बहिणीसाठी.

आमची ताई कवळ्या बनवायची. दंतवैद्य तोंडात ठसा घेऊन पाठवतात. त्यावरून प्लास्टरची हिरडी ओतायची, मेणात एकेक दात बसवायचा, घासायचं, चमकवायचं. एका दुकानाच्या तळघरात तिचं हे काम चाले. खिडकी एकच, तीही रस्त्याच्या पातळीवर, त्यामुळे जगातली माणसं तिला घोट्यांपुरतीच दिसत. टेबलावर दातांच्या रांगा, हवेत प्लास्टरची पूड, आणि ताईचा खोकला. नवरा गेल्यापासून ती तळघरातून घरी आणि घरातून तळघरात, एवढाच फेरा. धाकट्यानं तिला सांगून पाहिलं, विनवून पाहिलं, आणि शेवटी एका रविवारी तो तिला जवळजवळ ओढतच मैदानावर घेऊन आला. मला तिच्या हातात ठेवून म्हणाला की ही तुझी, आता दर रविवारी यायचं, दुसऱ्यांचे दात हसवत बसतेस, जरा आपलेही दाखव.

हे मी मुद्दाम सांगते आहे. धाकटा वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर माझा राग सोपा झाला असता.

आता पकडीविषयी सांगते, कारण सगळं भांडण तिथून निघालं. चकती दोन तऱ्हांनी फेकतात. एक तऱ्हा हात छातीवरून आडवा नेण्याची, पत्ते वाटतात तशी. दुसरी तऱ्हा हात अंगाच्या बाजूला ठेवून मनगटाच्या झटक्याची, तळ्याच्या पाण्यावर चपटा दगड उडवतात तशी. या दुसरीला फोरहँड म्हणतात. ताईचं सगळं आयुष्य मनगटात होतं, म्हणून तिला फोरहँड आवडला. पण फोरहँडमधे बोटं कुठं ठेवायची? अंगठा वरून, हे ठरलेलं. खाली दोन बोटं. ती दोन्ही एकमेकांना चिकटवून माझ्या कडेच्या आतल्या बाजूला दाबली की झटका जबर बसतो आणि मी सुसाट सुटते. किंवा मधलं बोट तेवढं कडेला दाबायचं आणि पहिलं बोट मोकळं करून माझ्या पोटाखाली पसरायचं. मग जोर कमी होतो, पण मी हातात डुगडुगत नाही. सपाट निघते, सपाट जाते.

ताईला हे कुणी शिकवलं नाही. पहिल्याच रविवारी बाकीचे लोक पुढच्या टोपलीकडे गेले तरी ती एका झाडाजवळ उभी राहून मला पुन्हा पुन्हा फेकत राहिली. दोन्ही बोटं चिकटवून फेकलं, तर मी टोपलीवरून पार पलीकडे गेले. बोटं आकडीसारखी वळवून फेकलं, तर मी फडफडत झुडपात शिरले. मग तिनं पहिलं बोट माझ्या पोटाखाली सरकवलं. सरकवलं म्हणजे काय, ते आपणहून तिथं गेलं. मेणात दात बसवून बसवून त्या बोटाचं शेवटचं पेर बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं. ते मधल्या बोटाला चिकटून राहणारच नव्हतं. माझ्या पोटाखाली ते असं बसलं, जणू माझं पोट त्याच्या मापानं ओतलं होतं. मी निघाले, झाडाला उजवीकडून वळसा घातला आणि टोपलीच्या खांबाशी जाऊन टेकले.

ताई स्वतःशीच म्हणाली, “बसली कवळी.”

तिच्या धंद्यातलं ते बोलणं होतं. वरची कवळी नुसती हिरडीच्या कडेवर टेकली तर बोलताना हलते. सगळ्या टाळूवर पसरून बसली तरच टिकते. तिनं मला कवळीसारखंच धरलं होतं, कड आणि टाळू दोन्ही सांभाळून. हे तिच्या हाताला कळलं होतं, तोंडात अजून यायचं होतं.

मग माझे चांगले दिवस आले. रविवारच्या त्या मंडळींत ताईच्या छोट्या फेकीचं नावच ‘कवळी’ पडलं. टोपली जवळ राहिली, मधे अडचण आली की धाकटा ऐटीत बाजूला व्हायचा आणि म्हणायचा, चला, आता कवळी बसवणारीला बोलवा. औषधांच्या दुकानवाले एक नवराबायको खेळायला येत. त्यातला नवरा जिभेचा तिखट. ताईनं मला टोपलीशी नेऊन ठेवलं की तो बायकोला म्हणायचा, हिच्याकडून दात करून घ्यायला हवेत, एकदा बसले की सरणावर जाईपर्यंत हलायचे नाहीत. ताई हसायची. तिचा खोकला कमी झाला. शनिवारी रात्रीच ती मला ओल्या फडक्यानं पुसून पिशवीत ठेवायची.

हे सुख कुणाच्या डोळ्यात खुपलं असं नाही. माशी शिंकली ती धाकट्याच्या फोनमधे. जोड्यांची स्पर्धा जाहीर झाली, आणि बहीणभावाची जोडी पहिली आलीच पाहिजे हे त्यानं मनावर घेतलं. मग जेवताना फोन, झोपताना फोन. मोठमोठे खेळाडू कसे फेकतात ते बघणं सुरू झालं. सगळ्यांची दोन्ही बोटं चिकटलेली. बरोबरच आहे, त्यांना मैलभर फेकायचं होतं. पण धाकट्याला वाटलं, आपल्याला गुपित सापडलं. त्यातून त्याचा धंदा लिफ्टचा. लिफ्टचा डबा एका दोरावर टांगत नाहीत, शेजारी शेजारी लावलेल्या पोलादी दोरांवर टांगतात. एक दोर सैल पडला की धाकट्याचा जीव खालीवर होतो. त्यानं ताईचं ते सुटं, पसरलेलं बोट पाहिलं आणि त्याला तो सैल दोर दिसला. पुढच्या रविवारी त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं की ताई, तुझी पकड नवशिक्यांची आहे, एकट्या बोटावर भार टाकतेस, दोर जोडीनंच चालतात.

ताईनं सांगून पाहिलं की मला असंच बरं पडतं. त्यावर तो म्हणाला, सवय झालीय म्हणून बरं पडतं. आणि त्यानं पुढं होऊन तिचं बोट धरलं आणि माझ्या पोटाखालून ओढून काढलं.

मित्रांनो, कुणी तुमच्या पायाखालची फळी काढली तर कसं वाटेल? मला तसं वाटलं. आणि तिथं उभ्या असलेल्या एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. धाकटा शिकवत होता ना! शिकवणाऱ्याला सगळं माफ. औषधवालासुद्धा, जो एरवी तोंड मिटत नाही, त्या दिवशी बुटाची नाडी बांधत बसला.

बोट काही ऐकेना. ते आपलं परत पोटाखाली यायचं. तेव्हा धाकट्यानं खिशातून वायरीला गुंडाळायची काळी चिकटपट्टी काढली आणि ताईची दोन्ही बोटं एकत्र गुंडाळून टाकली. घट्ट. वर सांगितलं की घरीही असूच दे, म्हणजे वळण लागेल. आणि ताईनं ती ठेवली. भांडी घासताना ठेवली, झोपतानाही ठेवली. ज्या भावानं आपल्याला तळघरातून वर आणलं, त्याला नाही कसं म्हणायचं, हे तिच्या मनात. हे ओझं मला दिसत होतं. मला तिचाही राग आला होता, खोटं कशाला बोलू?

ते पेर सुजलं. मेण कोरायची सुरी धरता येईना. एका निवृत्त मुख्याध्यापिकेची कवळी तिनं तशाच हातानं केली, आणि चारच दिवसांत दंतवैद्याचा फोन आला की बाईंनी तोंड उघडलं की कवळी टाळी वाजवते. ताईनं ती पुन्हा केली, पट्टी काढून. रविवारी परत बांधली. धाकट्याला तिनं यातलं अक्षर सांगितलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी शेवटच्या टोपलीपर्यंत दोन जोड्या बरोबरीत होत्या; औषधवाले नवराबायको आणि आमची ही दोघं. शेवटची टोपली पाण्याच्या टाकीच्या आड, उजव्या हाताला. तिच्यामागे उतार आणि उताराखाली सांडपाण्याचा नाला. जोडीतल्या दोघांनी आळीपाळीनं फेकायचं होतं. लांबची फेक धाकट्यानं झकास मारली. उरली टाकीला वळसा घालून जाणारी छोटी फोरहँड. म्हणजे मी. म्हणजे ताई. अशा फेकी तिनं शेकड्यांनी मारल्या होत्या.

ती माझ्यावर बोटं ठेवून उभी राहिली. पट्टी त्या दिवशी नव्हती. धाकट्यानं सकाळीच मोठ्या मनानं काढली होती. सुजलेलं बोट माझ्या पोटाकडे निघालं. अर्ध्या वाटेत आलंसुद्धा.

मागून धाकटा म्हणाला, “ताई, जोडीनं.”

बोट मागं गेलं. तिनं फेकलं. मी हातातून सुटतानाच डगमगत सुटले, टाकीच्या कोपऱ्याला घासले, टोपलीवरून पलीकडे गेले आणि उतारावरून कडेवर गडगडत थेट नाल्यात. वरून औषधवाल्याचा आवाज आला, “लिफ्ट थेट तळघरात गेली की हो.”

सगळे हसले. धाकटा नाही हसला. त्यानं मला काठीनं ओढून बाहेर काढलं, उलटंसुलटं केलं, डोळ्यासमोर आडवं धरलं आणि निकाल दिला की ही चकतीच वाकली आहे.

मी! मी वाकले होते! ज्या बाईच्या पात्यानं माझी कड तासली तिची शपथ, मी तेव्हाही सरळ होते आणि आजही आहे. पण माणसाची चूक झाली की वस्तू वाकडी होते, हा जगाचा कायदाच आहे. त्यानं ताईला नवी चकती घेऊन दिली. पातळ, कडक, काचेसारखी. आणि मला तो आपल्या कामावर घेऊन गेला.

मला कुठं ठेवलं असेल? एका उंच इमारतीच्या गच्चीवर, यंत्राच्या खोलीत, गळक्या मोटरीखाली. पोट वर करून. टप, टप, टप, काळं तेल माझ्या पोटात पडायचं. मी आयुष्यभर हवेत तरंगले, आणि तिथं मी तेलाचं भांडं झाले. दिवसभर ते जाडजूड दोर माझ्या डोक्यावरून वरखाली जायचे, जोडीजोडीनं, अगदी शहाण्यासारखे. मी त्यांना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की त्यांना गंज कसा चढला नाही, नवल आहे.

ताई रविवारी येईनाशी झाली हे मला तिथंच कळलं. धाकटा फोनवर बायकोशी बोलायचा. ताई आजही नाही म्हणाली. बोट दुखतं म्हणते. खोकला परत लागलाय. नवी चकती पिशवीतून काढलीसुद्धा नाही. मग तो पाना आपटायचा आणि म्हणायचा, एवढं केलं तिच्यासाठी, जरा हरली तर रुसून बसली. तेलात बुडून मी ऐकत होते. रुसली म्हणे. अरे, तूच तिला बाहेर काढलंस आणि तूच परत तळघरात लोटलंस, आणि वर म्हणतोस रुसली.

एके दिवशी त्या खोलीचं दार उघडलं आणि दारात ताई. मी कुठं आहे ते तिनं धाकट्याच्या बायकोकडून काढून घेतलं होतं. लिफ्ट दुरुस्तीला बंद असल्यामुळे ती सगळे जिने चढून आली होती आणि दाराच्या चौकटीला धरून धापा टाकत होती. धाकटा घाबरून उठला. तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती सरळ मोटरीपाशी आली, वाकली, मला उचललं, तेल डब्यात ओतलं आणि आपल्या ओढणीनं मला पुसायला लागली. धाकटा म्हणाला, ती कशाला, नवी दिलीय ना तुला. ताई म्हणाली, नवी मोटरीखाली ठेव, ती वाकलेली नाही.

पुढच्या रविवारी ती मैदानावर होती. स्पर्धा नव्हती, बघे नव्हते. औषधवाले नवराबायको, धाकटा आणि ती. फिरत फिरत ते शेवटच्या टोपलीशी आले. तीच टाकी, तोच नाला. ताईनं मला धरलं. बोटाची सूज उतरली होती. ते माझ्या पोटाखाली आलं. तेवढ्यात धाकटा नेहमीसारखा पुढं आला आणि त्यानं तिच्या बोटांकडे हात नेला.

“हात काढ,” ताई म्हणाली.

आवाज चढवला नव्हता. धाकट्याचा हात हवेतच राहिला. “अगं, मदतच करतोय. मीच आणलं ना तुला इथं?”

“आणलंस. उपकार झाले, जन्मभर मानीन. पण आणलंस म्हणून बोटं तुझ्या नावावर करून दिली नाहीत.” मग ती म्हणाली, “तुझे दोर ओढतात, धाकट्या. त्यांना जोडीनं राहू दे. माझं बोट ओढत नाही, टेकू देतं. लांब फेकायचं असतं तर मीही चिकटवली असती बोटं. मला इथल्या इथं जायचंय. आणि हे बोट मला सोमवारी कामाला लागतं.”

औषधवाला काहीतरी बोलणार होता. त्याच्या बायकोनं त्याच्या पायावर पाय दिला.

ताईनं फेकलं. मी खोटं सांगणार नाही. साखळ्या वाजल्या नाहीत. मी टोपलीच्या हातभर अलीकडे पडले. पण सपाट गेले, टाकीला न शिवता गेले आणि जिथं टेकले तिथंच थांबले. ताई चालत आली, मला उचलून टोपलीत टाकलं आणि पुढं निघाली. दुपारी धाकटा एकटाच घरी गेला. त्याच्या पुढच्या रविवारी तो आलाही नाही. ताई बसनं आली.

तिसऱ्या रविवारी आला. अजून येतो. ताईची पाळी आली की तो दोन्ही हात पँटच्या खिशात घालतो. हात आत वळवळताना मला दिसतात. त्यांना अजून खूप काही शिकवायचं असतं. पण खिशाबाहेर येत नाहीत. ताई तळघरात आता आठवड्याचे सहाच दिवस असते.

मित्रांनो, चकत्या जपा, धूळ पुसा, उन्हात टाकू नका, हे सांगायला मी आलेले नाही. माझं काही होत नाही. मी प्लास्टिकची आहे, मी तुमच्या नातवंडांनाही पुरून उरेन. जपायचं आहे ते दुसऱ्याचं बोट. कुणी पेन्सिल वेगळी धरतो, कुणी चमचा वेगळा, कुणी डावखुरा असतो, कुणी सावकाश लिहितो. त्याला आपली पकड दाखवा, हवी तर दहा वेळा दाखवा. त्याला ती रुचली तर तो घेईल. पण तो धरत असताना त्याच्या बोटांना हात लावायचा नाही. मायेनं तर मुळीच नाही. मायेनं बांधलेली पट्टी सोडवायला फार वेळ लागतो, कारण बांधून घेणाराच ती घट्ट धरून बसतो.

आणि इतकं सांगूनही कुणाचे हात शिवशिवत असतील, तर पँटला खिसे त्यासाठीच शिवलेले असतात.